ज्यांना अंथरूणच नाही

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ज्याला मुळी अंथरूणच नाही, त्याने पाय किती पसरावे? पूर्व आफ्रिकेच्या खेड्यांतील कित्येक मुले आजही मातीच्या जमिनीवर अथवा फाटक्या चटईवर, एकाच पांघरुणात भावंडांसह निजतात.

कोणी म्हणेल, अन्न आणि औषध आधी, अंथरूण मागाहून. हा आक्षेप वरवर खरा वाटतो. पण तेथील रात्र केवळ थंडीची नसते, ती डासांचीही असते. हिवताप डासामार्फत पसरतो, याचा निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली आपल्या या हैदराबादेला लागूनच असलेल्या सिकंदराबादेत मिळाला. त्याला सव्वाशे वर्षे उलटली, तरी आफ्रिकेत हिवतापाने मरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालील बालकेच असतात. हा डास बहुधा रात्री चावतो. म्हणूनच कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी हे तेथे औषधाइतकेच मोलाचे साधन आहे. तिच्या वापराने बालमृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटतात, असे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. अंथरूण ही चैन नव्हे, ते आरोग्याचे साधन आहे.

कॅनडातील मरे ड्रायडन हे गृहस्थ एकदा कराचीच्या रस्त्याने जात असता अंधारात निजलेल्या एका मुलाला अडखळले. त्यातून त्यांनी व त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी १९७० साली ‘स्लीपिंग चिल्ड्रन अराउंड द वर्ल्ड’ ही संस्था उभारली. तिचे पहिले ५० संच आपल्या पुण्यातील मुलांना मिळाले, हे मराठी वाचकांनी विसरू नये. पुढे युगांडा, टांझानिया, केनिया, टोगो या देशांतही असे संच पोहोचले. चटई किंवा गादी, चादर, पांघरूण, मच्छरदाणी, कपडे व शालेय साहित्य असे त्या संचाचे साधारण स्वरूप असते. देशपरत्वे त्यात फरक पडतो.

या कार्यातील दोन गोष्टी मला विशेष अनुकरणीय वाटतात. पहिली ही की, संचातील वस्तू शक्यतो त्या त्या देशातच बनवून किंवा विकत घेतात. परदेशातून जुने कपडे गाठोड्यांनी आले की मुलाच्या अंगावर कपडा चढतो खरा, पण गावचा शिंपी रिकामा बसतो. तेथेच खरेदी केली, तर मुलाला अंथरूण मिळते आणि शिंप्यालाही काम मिळते. दुसरी गोष्ट ही की, वाटपास जाणारे स्वयंसेवक प्रवासाचा खर्च स्वतः सोसतात. देणगीचा पैसा त्यांच्या तिकिटावर खर्च होत नाही.

एका प्रथेविषयी मात्र माझे मत निराळे आहे. संच मिळालेल्या मुलाचे, देणगीदाराच्या नावाच्या पाटीसह, छायाचित्र काढून ते देणगीदाराकडे पाठवितात. पैसा योग्य ठिकाणी पोहोचला, याची ती पावती असते. हिशेब दिलाच पाहिजे, यात शंका नाही. परंतु तो देण्याची जबाबदारी संस्थेची, मुलाची नव्हे. ज्याने कधी देणगीदाराला पाहिले नाही, त्या मुलाने परक्याच्या नावापुढे उभे राहून आपल्या गरिबीची साक्ष का द्यावी? गावाचे नाव, संचांची संख्या आणि स्थानिक शिक्षकांची सही एवढ्यानेही हिशेब पुरा होऊ शकेल.

विद्यार्थिमित्रांनो, पूरग्रस्तांसाठी वा दुष्काळपीडितांसाठी आपणही वर्गावर्गांतून वर्गणी व वस्तू गोळा करतो. पुढच्या वेळी तीन प्रश्न आधी विचारा. त्यांना नेमके काय हवे आहे, हे आपण त्यांनाच विचारले काय? ती वस्तू त्यांच्याच बाजारात मिळेल काय? आणि घेणाऱ्याच्या जागी आपण असतो, तर असे छायाचित्र काढून घेणे आपल्याला रुचले असते काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देता आली, तर आपली लहानशी मदतही घेणाऱ्याला मान खाली घालावयास लावणार नाही.