बॉनेटखालची टिकटिक

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमची पद्मिनी ठाऊक आहे. १९८८ सालची, म्हणजे आमच्या थोरल्या मुलीहून एक वर्षाने धाकटी. किलोमीटरचा आकडा एकदा सगळा फिरून पुन्हा शून्यावर आला, तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले होते. दर भाऊबीजेला तिच्यातूनच आम्ही पुण्याहून साताऱ्याला आक्काकडे जातो. आक्का आता ऐंशीच्या पुढे आहे. हॉर्न ऐकल्याशिवाय ती ओवाळणीचे ताट हातात घेत नाही.

यंदा श्रावणात बॉनेटखालून बारीक टिकटिक येऊ लागली. कोणी पाटीवर नखाने वाजवावे तशी. एका गॅरेजात नेली. तिथल्या पोराने वरचे झाकण उघडून टॅपेट आवळले आणि आवाज बंद! मी खूश होऊन त्याला चहाला वर दहा रुपये दिले. मात्र त्यानंतर गाडी सिग्नलला उभी असताना हिवताप भरल्यासारखी थरथरू लागली आणि चढावर दम टाकू लागली. वय झाले, असे म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

नवरात्राच्या सुमारास सकाळी गाडी सुरू केली की नवाच आवाज. या खेपेस टिकटिक नव्हे, चांगली चटचट. पुन्हा तेच गॅरेज. मालकांनी बॉनेट न उघडताच निदान केले, "बेअरिंग गेलं. इंजिन उतरवावं लागेल." त्यांनी सांगितलेल्या आकड्यात गाडीच्या किमतीच्या दोन गाड्या आल्या असत्या. शेवटी भंगारवाल्याचा नंबरही त्यांनीच दिला.

रात्री जेवताना सौ. म्हणाली, "देऊन टाका आता. जावईबापू नेतील आपल्याला साताऱ्याला." बोलणे व्यवहाराचे होते. मला मात्र भात गिळवेना.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मामा राहतात. मुंबईत त्यांनी तीस वर्षे काळी-पिवळी पद्मिनी चालवली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली तशी २०२३ च्या ऑक्टोबरात ती जातच रस्त्यावरून उठली. मामांची टॅक्सी त्याआधीच गेली होती. तेव्हापासून ते इथे मुलाकडे असतात. कानांनी जवळजवळ काम सोडले आहे, नातवंडांना त्यांच्याशी ओरडून बोलावे लागते. त्यांना कशाला विचारायचे, म्हणून मी विचारले नव्हते. सौ.नेच जिन्यात त्यांच्या कानाशी ओरडून सारी हकीकत सांगितली.

"मास्तर, उद्या सकाळी मी येईपर्यंत चावी फिरवायची नाही. इंजिन रात्रभर थंड राहू दे," मामा म्हणाले.

सकाळी ते हातात एक लांब पेचकस घेऊन आले. आधी तेलाची कांडी काढून पाहिली. तेल बरोबर खुणेवर होते. "पुष्कळांचा आवाज इथेच संपतो. तेल कमी असलं की वरच्या पार्टांना ते पोचत नाही, मग ते ओरडणारच." गाडी त्यांनी शेडच्या बाहेर काढायला लावली, कारण बंद जागेत इंजिन चालू ठेवले तर धुराने माणूस बसल्या जागी मरतो. सौ.ला पदर खोचायला सांगितला आणि मला पंख्यापासून दूर उभे केले.

इंजिन सुरू झाले, चटचट सुरू झाली. मामांनी पेचकसाचे टोक इंजिनला टेकवले आणि मूठ कानात न घालता कानामागच्या हाडावर दाबली. डोळे मिटले. म्हणाले, "कान गेले तरी हाड ऐकतं." टोक एकेका जागी ठेवीत त्यांनी सगळे इंजिन तपासले, डॉक्टर पाठ तपासतात तसे.

मग त्यांनी मला हिशेब समजावला. उभ्या गाडीत क्रँक मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर झडपा उघडणारा कॅम निम्मे, म्हणजे चारशे घेतो. टॅपेटचा आवाज या निम्म्या चालीचा, हलका आणि वरून येणारा. बेअरिंगचा आवाज पूर्ण चालीचा, खालून येणारा आणि जड. त्याला चट म्हणत नाहीत, ठक म्हणतात. शिवाय इंजिन तापून तेल पातळ झाले की बेअरिंग जास्तच ठोकते. आमची गाडी थंडपणीच वाजत होती आणि दहा मिनिटांत गप्प होत होती.

"मग टॅपेट?" मी ओरडून विचारले.

उत्तर न देता मामांनी हाताला जाड रबर गुंडाळले आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढून लावल्या. (हल्लीच्या कॉम्प्युटरवाल्या गाड्यांवर हा प्रयोग वाचकांनी करू नये. त्यांच्यात तर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मुळातच टिकटिकतात आणि तो आवाज निरोगीपणाचा असतो.) टॅपेट असता तर वायर काढूनही आवाज तसाच राहिला असता, बेअरिंग असते तर मऊ झाला असता. तिसऱ्या प्लगची वायर काढताच आमची चटचट साफ नाहीशी झाली! पेटलेला वायूच कुठून तरी बाहेर फुटत होता. सायलेन्सरचा पाइप जिथून निघतो, त्या मॅनिफोल्डच्या सांध्याशी काजळीचा काळा ओघळ दिसला. पॅकिंग जळाले होते, एक नट सैल होता. लोखंड तापून फुगले की फट मिटायची, म्हणून आवाज थांबायचा. पॅकिंगला किती पैसे पडले ते लिहीत नाही, गॅरेजच्या मालकांना वाईट वाटेल.

पण मामा तिथे थांबले नाहीत. "ही थरथरते का?" त्यांनी विचारले. मी श्रावणातली हकीकत सांगितली, तसा त्यांचा चेहरा उतरला. इंजिन गार झाल्यावर त्यांनी वरचे झाकण काढले. झडपेची दांडी आणि रॉकर यांच्यामध्ये पातळशी फट लागते. ती फिलरच्या पात्याने मोजतात. आमच्या दोन एक्झॉस्ट झडपांत पाते शिरेचना. झडप तापली की लांबते. फट नसेल तर ती जागेवर नीट बसत नाही, आणि तिच्या अंगची उष्णता निघून जाते ती मुख्यतः बसल्यावरच. बसली नाही की कड जळते आणि इंजिनचा दम जातो. म्हणजे आवाज बंद केल्याबद्दल ज्या पोराला मी बक्षीस दिले, त्याने माझ्या गाडीचा गळा आवळला होता.

मामांनी आठही टॅपेट पुस्तकातल्या मापाने बसवले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन मोजून घेतले. चारही सिलिंडर ठीक निघाले, झडपा जळण्याआधीच दुखणे सापडले होते.

गाडी सुरू केली. थरथर नाही, चटचट नाही. पण वरून अगदी हलकी, एकसारखी टिकटिक येतच होती. सौ.चा चेहरा पडला. "अहो, अजून वाजतेच आहे की!"

मामांना ते ऐकू आले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "थोडं वाजतंय ना?"

मी मान हलवली.

"मग झालं," म्हणून त्यांनी बॉनेट लावले.

आक्काला फोन करून सांगितले आहे की भाऊबीजेला गाडीनेच येतो. मामांनाही बरोबर न्यायचे ठरले आहे. खंबाटकीचा घाट संपेपर्यंत आपण पुढे बसणार, अशी त्यांची अट आहे. सौ.ने मागे बसायचे कबूल केले आहे.