शिल्लक जुळली पाहिजे

परवा पुतण्या पुण्याहून धनजला आला. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. पण ओसरीवर चहा घेताना चेहरा सुतकी. विचारले तर म्हणाला, "काका, आमचा राजपुत्र गेला." मी दचकलो. खुलासा झाला तेव्हा आधी हसू आले, मग वाटले, हसण्यासारखे यात फार नाही.

हा राजपुत्र म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर या तरुणाने धाकट्या भावाच्या धावण्याचे, उड्यांचे चित्रण केले, त्या हालचाली संगणकावर गिरवल्या आणि १९८९ मध्ये हा खेळ आणला. तासाभरात राजकन्या सोडवायची! आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा दुपारच्या सुट्टीत त्यात रमलेले दोन कारकून मी पाहिले आहेत. तिसरा मीच होतो. पुतण्याचा राजपुत्र पुढचा, २००३ मधला. त्याच्या हाती असा खंजीर, की दरीत कोसळला तरी काळ मागे फिरवता येई.

सप्टेंबर २०२० मध्ये यूबीसॉफ्ट कंपनीने या खेळाची नवी आवृत्ती जाहीर केली आणि काम दिले आपल्या पुणे व मुंबईच्या स्टुडिओंकडे. मूळ राजपुत्राला आवाज देणारा नट यूरी लोवेन्थालही परत आणला. पण पहिली झलक पाहून चाहते बिथरले. चेहरे निर्जीव, प्रकाश भलताच! तारीख पुढे ढकलत गेली, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये सारा प्रकल्पच रद्द झाला.

लोक म्हणतील, खेळच तो, एवढे काय? मग 'कट्यार काळजात घुसली' आठवा. दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ चे, आणि त्यातले खाँसाहेब रंगवणारे वसंतराव देशपांडे आमच्या शेजारच्या मूर्तिजापूरचे. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला तेव्हा मीही धास्तावलेलाच होतो. त्यात नव्या चाली आल्या, पण अभिषेकीबुवांची पदेही राहिली. मी डोळे पुसत बाहेर पडलो.

शाखेतली लेजरे संगणकावर चढवली, त्या वेळचे एक म्हातारे शेतकरी आठवतात. छापील पासबुक हाती घेईनात. "माह्या जुन्या बुकातला आकडा यात दाखवा," एवढेच म्हणणे. शाईतला शेवटचा आकडा आणि छापील पहिला आकडा शेजारी धरले, पैशापर्यंत जुळले, तेव्हा कुठे ते उठले. त्यांचा कागदाला, छपाईला विरोध नव्हता. शिल्लक जुळायला हवी होती.

चाहत्यांचेही मागणे तेवढेच असते. चित्रे बदला, रंग बदला. पण उडी मारताना हाताला जे जाणवायचे, पडल्यावर जो धीर मिळायचा, ती ठेव आहे. ती मागण्याचा त्यांना हक्क आहे. मात्र पहिल्या झलकेवर पुण्या-मुंबईच्या पोरांची जी टिंगल झाली, ती मला पटत नाही. हिशेब चुकला तर खाते पुन्हा तपासतात, कारकुनाची धिंड काढत नाहीत. आणि वह्या मिटवून टाकणे हा तर तोडगाच नव्हे.

निघताना पुतण्याने मुलासाठी २००३ चाच खेळ संगणकावर लावून दिला. पोरगा पहिल्याच दरीत कोसळला. त्याने काळ मागे फिरवला, आणि बापाच्या चेहऱ्यावरचे सुतक तेवढ्यापुरते फिटले.