भविष्याचं अक्षर आणि माणसाचे डोळे

मागच्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमाचं पत्रक छापून आलं. तयार करणाऱ्या तरुणाने इंग्रजी मजकूर रुंद, चौकोनी, कोपरे किंचित गोल असलेल्या अक्षरात लावला होता. "सर, एकदम फ्युचरिस्टिक!" मथळा देखणाच होता. पण पत्ता आणि फोन नंबरही त्याच अक्षरात, तेही बारीक. आमच्या एका वयस्कर सभासदांनी आठचा शून्य वाचला आणि भलत्याच घरी फोन लावला.

या अक्षराचं घराणं जुनं आहे. इटलीतल्या तुरीन शहरात नेबिओलो नावाची खिळे ओतणारी कंपनी होती. तिथे आलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेसे यांनी 1952 मध्ये 'मायक्रोग्रामा' घडवलं. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. 1962 मध्ये नोव्हारेसेंनी त्याला छोट्या लिपीची जोड दिली आणि 'युरोस्टाइल' जन्माला आलं. त्यातला 'ओ' गोल नाही, जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखा आहे. 1968 च्या '2001: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात अंतराळयानातल्या पडद्यांवर हे अक्षर झळकलं. तेव्हापासून यान, यंत्र, उद्याचं जग म्हटलं की हाच चेहरा समोर येतो. गंमत पाहा, आपण ज्याला भविष्य म्हणतो ते साठ वर्षांपूर्वी शिशात ओतलेलं आहे.

माझी तक्रार अक्षराबद्दल नाही. ते मथळ्यासाठी, पाटीसाठी, यंत्रावरच्या नावासाठी उत्तम आहे. चार-पाच शब्द मोठ्या आकारात लिहावेत आणि थांबावं. पण सगळ्या अक्षरांना एकाच चौकटीत बसवलं की त्यांचे वेगळेपण पुसट होतं. ओ, डी आणि शून्य, बी आणि आठ एकमेकांसारखे दिसू लागतात. डोळा अक्षर ओळखतो ते फरकावरून.

आता हीच चौकट देवनागरीवर चढवण्याची हौस दिसते. आपल्याकडे तर 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या फटीवर आणि एखाद्या गाठीवर उभा आहे. ती फट बुजली की घन आणि धन एकच. भाऊचा माऊ व्हायला वेळ लागत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा किती बाऊ! पण औषधाची चिठ्ठी, बसची पाटी, सरकारी अर्ज हे सगळं अक्षरांतूनच माणसापर्यंत पोचतं. ज्याची नजर अधू आहे, जो नुकताच वाचायला शिकला आहे, तो अडखळला तर दोष स्वतःलाच देतो. "मलाच दिसत नाही नीट," असं आमचे सभासदही म्हणाले. दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता.

पुढचं पत्रक आम्ही साध्या अक्षरात छापलं. मथळा मात्र त्या तरुणाच्या आवडीचाच ठेवला. भविष्य वर मिरवू दे, फोन नंबर मात्र आजच्या माणसाला वाचता आला पाहिजे.