रविवार कोणाचा?

परदेशी शिकायला गेलेल्या मुलीबद्दल आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. खर्च किती आला, आणि परत येणार ना? तिसरा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात : तिथं ती एकटीच फिरते का गं? माझ्या मते खरा प्रश्न हा तिसराच आहे आणि तो दबक्या आवाजात विचारायचा नाही.

माझी भाची कराडची, सोळा वर्षांची. विद्यार्थी देवाणघेवाणीच्या एका योजनेतून ती दहा महिने जर्मनीत राहून आली. कासेल शहराजवळच्या लहानशा गावात, एका कुटुंबात. त्यांच्याच घरात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं, घरच्यासारखं वागायचं, असा तो प्रकार. रोटरीसारख्या संस्था अशा योजना कितीतरी वर्षं चालवत आहेत. दर आठवड्याला तिचा लांबलचक मजकूर माझ्या फोनवर यायचा. शाळेबद्दल त्यात दोन ओळी असत. शनिवार-रविवारबद्दल मात्र लिहिता लिहिता ती थकत नसे.

आणि लिहिण्यासारखं त्यात होतं काय? शनिवारी सकाळी घरच्या बाईंबरोबर बेकरीत पाव आणायला जाणं. दुपारी वर्गातल्या मैत्रिणीबरोबर बसने कासेलला. तिथं फुल्डा नदीच्या काठी बसलो, आइस्क्रीम खाल्लं, दुकानं पाहिली, काही घेतलं नाही, संध्याकाळच्या बसने परत आलो. रविवारी तिकडे बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद. गवत कापायचं यंत्रसुद्धा लावायचं नाही, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणून. मग माणसं चालायला जातात, घरंच्या घरं जंगलात चालत असतात. ती बाहेर पडताना घरच्या बाई विचारत, किती वाजता येशील? कशाला चाललीस, असं कुणी विचारत नसे. भाचीनं लिहिलं होतं, "मावशी, पहिले दोन महिने मी कुणी न विचारताच कारण सांगत होते."

हे वाक्य मी कोयनानगरच्या आमच्या मुलींच्या गटात वाचून दाखवलं. मुली आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. आपल्याकडे मुलीला बाहेर पडायचं तर कारण लागतं. क्लास आहे, दळण आहे, देवाला जायचंय, मामाकडे कार्य आहे. पोरगा मात्र नाक्यावर तासन् तास उभा राहतो, त्याला कारण लागत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या अशाच विनाकारण भटकण्यावर एक पुस्तक लिहिलं, २०११ साली. मुंबईत जे अवघड, ते पाटण तालुक्यात किती अवघड असेल याचा हिशोब वाचणाऱ्या मैत्रिणींनीच करावा.

जर्मनी म्हणजे बाईचा स्वर्ग, असं मी म्हणणार नाही. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदाच असा होता की, संसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच लग्न झालेल्या बाईनं नोकरी करावी. आजही तिथल्या जवळजवळ निम्म्या नोकरदार बायका अर्धवेळ काम करतात. भाचीच्या घरच्या बाईही त्यातल्याच. म्हणजे मुलीला मोकळा रविवार मिळतो त्यामागे तिथंही एखाद्या बाईचा हात राबत असतोच. फरक एवढाच की, तो रविवार मिळवण्यासाठी मुलीला परवानगी काढत बसावं लागत नाही.

आपल्याकडे परदेशी गेलेल्या पहिल्या मुलींत आनंदीबाई जोशी होत्या. १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या तेव्हा वय अठरा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावी मिसेस कार्पेंटर यांनी त्यांना आधी आपल्या घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. पण नवऱ्याची नजर समुद्र ओलांडून मागे गेली. गोपाळराव पत्रांतून त्यांच्या वागण्याचा, पेहरावाचा जाब विचारत राहिले. पत्र पोचायला तेव्हा काही आठवडे लागत, तेवढीच उसंत! आता फोनच्या पडद्यावर बाप दिसतो आणि विचारतो, मागे कोण उभं आहे, जरा फोन फिरव. माझ्या मेहुण्यांनीही तेच केलं. दीडेक महिन्यानंतर ते थांबलं, कारण भाचीनं रविवारी फोन घरी ठेवून जायला सुरुवात केली.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी घरच्यांनी तिला एडरचं धरण पाहायला नेलं. १९१४ साली पूर्ण झालेलं हे दगडी धरण. त्याच्या पाण्याखाली आसेल, ब्रिंगहाउसेन आणि बेरिश अशी तीन गावं गेली, सुमारे नऊशे माणसं उठली. पाऊस कमी झाला आणि पाणी खाली गेलं की जुन्या आसेलचा दगडी पूल उघडा पडतो. लोक हौसेनं त्यावरून चालतात, फोटो काढतात. भाचीही चालली आणि तिथूनच तिनं आजीला फोन लावला.

आजी म्हणजे माझी आई. तिचं माहेरचं गाव शिवसागराखाली आहे. पाणी आलं तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, त्यात दुसरं घरही गेलं. तिनं तो पूल पडद्यावर बराच वेळ पाहिला. पुलाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "त्या गावच्या बाया माहेरपणाला कुठं जात असतील गं?"

भाचीनं चौकशी केली. गावं वर डोंगरावर हलवली, बेरिशच्या लोकांनी तर लांब जाऊन नवं बेरिश वसवलं, असं तिला कळलं. बायकांच्या माहेरपणाचं कुणालाच सांगता आलं नाही. आपल्याकडे तरी कोणी लिहून ठेवलंय? कोयनेची गावं उठून रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी कुठे कुठे पांगली. कागदावर जमिनीचा हिशोब आहे, तोही अपुरा. २०१८ साली श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांनी कोयनानगरला ठिय्या दिला, तेव्हा भाकरी बांधून आलेल्या म्हाताऱ्या आपल्या लहानपणच्या मैत्रिणींना शोधत फिरत होत्या. आंदोलन हीच त्यांची सहल झाली होती.

इकडे दर पावसाळ्यात रविवारी नेहरू उद्यानात आणि नवजाच्या ओझर्डे धबधब्यावर गाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईच्या मुली तिथं भिजतात, आणि खुशाल भिजाव्यात. आमच्या मुली त्याच रस्त्याकडेला कणसं भाजत असतात, नाहीतर घरी आठवड्याची अंथरुणं-पांघरुणं धूत असतात. धबधबा घरापासून हाकेवर, पण 'पाहायला' गेलेली मुलगी गटात तिसात चार निघाली.

देवाणघेवाण हा शब्द चांगला आहे, पण तिकडे जायचं भाग्य इंग्रजी शाळेतल्या आणि खर्च झेपणाऱ्या घरातल्या मुलीचं. माझी भाची गेली कारण तिचा बाप पैसे भरू शकला. तिकडची मुलगी इकडे येते तीही बंगल्यातच उतरते. यावर संस्थांशी भांडायला हवंच. पण तोवर वाट कशाला पाहायची? मोकळ्या रविवारला व्हिसा लागत नाही.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हा गावातल्या बायका जोतिबाला गेल्या, पंढरपूरला गेल्या, लेकीकडे गेल्या. चांगलंच झालं. पण त्या प्रत्येकीपाशी कारण होतं. आम्ही ठरवलं की, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुलींनी विनाकारण जायचं. देवाला नाही, पाहुण्यांकडे नाही, स्पर्धेला नाही. पहिल्या खेपेला चौदाजणी कराडला गेल्या. कंडक्टरनं विचारलं, कुणाचं लग्न आहे? प्रीतिसंगमावर बसल्या, भेळ खाल्ली, सहाच्या आत परत.

चार दिवसांनी त्या भेळेचा फोटो गावातल्या पुरुषांच्या फोनवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'या पोरींना घरदार आहे का?' दोघींचं बाहेर पडणं बंद झालं. एकीचं तर गटात येणंही. आम्ही तिच्या घरी तीनदा गेलो. आई दारातच म्हणाली, "ताई, मला पटतंय, पण ह्यांना कोण समजावणार?" चौथ्यांदा जाणार आहोत, या वेळी माझ्या आईला घेऊन. ती त्या बापाची लांबची आत्या लागते आणि त्याला 'अरे-तुरे' करते.

इतर जिल्ह्यांतल्या गटांनी असं काही केलं असेल तर कळवावं. फोटो फिरवणाऱ्यांचं तुम्ही काय केलंत, तेही लिहावं. पुढच्या दुसऱ्या रविवारी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण ठरलंय. परतीची शेवटची गाडी कितीची, हे विचारायला अकराजणी स्टँडवर गेल्या आहेत.