पोट सुटले, म्हणजे नेमके काय सुटले?

मराठी भाषेचा पोटावर मोठा जीव. आपण दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो, पोटासाठी परगावी जातो, आणि दिवस बरे आले की आपले पोट सुटते. आम्हा मराठीच्या मास्तरांना हे वाक्प्रचार शिकवताना मौज वाटते. पण यातला शेवटचा वाक्प्रचार बायकांच्या बाबतीत मोठा लबाड आहे.

बाळंतपणाला वर्ष लोटले तरी पोट आत जात नाही, तेव्हा सासूबाई म्हणतात, “सुटले हो हिचे पोट!” शेजारीण डिंकाच्या लाडवांना दोष देते, आणि पतिराज ‘सकाळी फिरायला जात जा’ असा सल्ला देऊन वर्तमानपत्रात डोके खुपसतात. वास्तविक या एका शब्दाआड तीन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात: नुसती चरबी, स्नायूंची फारकत आणि अंतर्गळ, म्हणजे हर्निया. फिरण्याचा सल्ला पहिलीला ठीक. उरलेल्या दोहोंचे काय?

पोटावर बरगड्यांपासून खाली ओटीच्या हाडापर्यंत दोन सरळ स्नायू उतरतात. त्यांना मधोमध एक पांढरी चिवट पट्टी जोडून ठेवते. गर्भ वाढतो तशी ही पट्टी ताणते. बाळंतपणानंतर पहिल्या दोनेक महिन्यांत ती बरीचशी आवळते. काहींची सैलच राहते. उताणे निजून, गुडघे मुडपून डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर बोटे ठेवावीत. दोन बोटांहून अधिक रुंद खळगा लागला, तर फारकत आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. यात भोक नसते, म्हणून आतडे अडकण्याचे भय नाही. जाणकाराकडून शिकलेल्या व्यायामाने पुष्कळ जणींना बळ येते. मात्र उठाबशा नि झटक्याचे व्यायाम आपल्या मनाने सुरू करू नयेत.

अंतर्गळाची गोष्ट निराळी. तिथे भिंतीलाच भोक पडते, बहुधा बेंबीपाशी. खोकले की फुगवटा येतो, निजले की तो आत जातो. हे भोक व्यायामाने बुजत नाही, आणि पट्ट्यानेही नाही.

पेणला पापडाचे पीठ कुटणाऱ्या नि दिवसभर लाटणाऱ्या बायका पाहाव्यात, रोह्याकडे भाताचे भारे डोक्यावर घेऊन बांधावरून चालणाऱ्या पाहाव्यात. बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याने बांधायची आपली रीत. त्याने पाठीला आधार मिळतो, हे खरे. पण पट्टा सुटला आणि काम सुरू झाले की फुगवटा पुन्हा डोके वर काढतो. मग ती पदर जरा पुढे ओढून घेते, एवढेच.

आता शस्त्रक्रियेविषयी. भोक लहान, एका सेंटिमीटरच्या आत असेल, तर ते टाके घालून शिवता येते. त्याहून मोठे असेल तर बारीक जाळी बसवतात, म्हणजे ते पुन्हा उसवण्याचा संभव कमी होतो. हे काम पोट उघडून होते, तसेच दुर्बिणीनेही. नुसत्या फारकतीत पट्टीला चुण घालून दोन्ही स्नायू जवळ आणतात. कातडी फार लोंबत असेल तर ओटीपोटावर लांब छेद घेऊन जादा कातडीही काढतात. पण दोन्ही दोष एकत्र असले आणि भोक तेवढे शिवले, तर विटलेल्या कापडाला ठिगळ लावल्यासारखे होते. म्हणून शल्यविशारदाला ‘फारकतही पाहिलीत ना?’ हे विचारायला संकोचू नये. पाणी साठणे, जखम चिघळणे, दुखणे उलटणे हे धोकेही विचारून घ्यावेत.

जाळीची एक अभिमानाची हकीगत आपल्या महाराष्ट्रातली आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले. २००३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३५९ शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. खेड्यातल्या रोग्याला परवडेल अशी वाट एका लहान गावाने दाखवली.

घाई कितपत करावी? पुढे मूल हवे असेल तर सहसा थांबावे. नाहीतर बाळंतपणानंतर निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर जाऊ द्यावे. नंतर चार-सहा आठवडे जड उचलायचे नाही, तेव्हा घागर कोण भरील हे आधी ठरवावे. पण फुगवटा कडक झाला, आत जाईनासा झाला, दुखू लागला, लाल झाला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असण्याचा संभव आहे. मग मुहूर्त पाहू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. विलंब जिवावर बेततो.

खर्चाची धास्ती असेल, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले आहेत, हे लक्षात ठेवावे. आधी तिथे चौकशी करावी. मोठी शस्त्रक्रिया लागलीच, तर पेण-रोह्याहून पनवेलची गाडी आहेच.

तेव्हा वाचकहो, दिवाळीत चकलीचा सोऱ्या दाबताना घरातली कोणी पोटाशी हात धरून थांबली, तर तिला ‘सुटलंय तुझं पोट’ म्हणून हसू नका. काय होते ते विचारा, आणि सोऱ्या आपल्या हाती घ्या. मराठीत गुपिते पोटात ठेवतात. दुखणे मात्र कोणीही पोटात ठेवू नये.