आभासी नाण्याचा खरा हिशेब

नंदुरबारच्या बाजारातील मिरचीचा व्यापारी एका मालात आलेली खोट दुसऱ्यातील नफ्यातून भरून काढतो आणि उरेल तीच मिळकत मानतो. आभासी चलनाच्या सौद्यात नव्याने उतरणारा सुशिक्षित तरुण हाच हिशेब गृहीत धरतो आणि तेथेच फसतो. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च त्यातून वजा होत नाही. एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वळता करता येत नाही. बिटकॉइनमध्ये दहा हजार मिळाले आणि इथरमध्ये तितकेच बुडाले, तर हाती शून्य. परंतु ४ टक्के उपकर धरून ३,१२० रुपयांचे देणे मात्र डोक्यावर! आणि बुडण्याची शक्यता काल्पनिक नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६८ हजार डॉलरांपलीकडे गेलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांखाली आले होते. नफ्यात वाटा मागणाऱ्या सरकारने तोट्याकडे पाठ फिरवावी, हा न्याय नव्हे. तथापि कायदा बदलेपर्यंत तरी, भाव पाहण्यापूर्वी हिशेब शिकणे हेच शहाणपण होय.