चहाचे मळे बघा, पण कणकुंबीला थांबा!

मे महिन्याची सुटी जवळ आली की आपल्याकडे घराघरांत विचारणा सुरू होते, "यंदा खंय?" उत्तर बहुधा ठरलेले असते. मुन्नार, उटी, नाहीतर कुन्नूर. थंड हवा, धुके, डोंगरउतारावर कंगव्याने विंचरल्यासारखे चहाचे मळे, आणि त्या मळ्यात उभे राहून काढलेला सहकुटुंब फोटो. परत आल्यावर सांगायचे, "निसर्ग म्हणजे काय तो तिथेच!"

मुन्नारला जाऊ नका असे मी म्हणत नाही. जरूर जा. माझे भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे.

चहाचा मळा म्हणजे निसर्ग नव्हे, ते शेत आहे. तेही एकाच पिकाचे. १८७७ साली जॉन मन्रो नावाच्या इंग्रजाने पूंजारच्या राजाकडून कण्णन देवन डोंगर पट्ट्याने घेतले. त्याआधी तिथे होती शोला म्हणतात ती दाट रानाची बेटे आणि त्यांच्या भोवतीची गवताळ माळराने. ती साफ करून पुढच्या काही दशकांत चहा लागला. मूळचे रान कसे होते ते ज्याला बघायचे असेल त्याने १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या एरविकुलमला जावे. तिथेही आपली माणसे निलगिरी ताहर या रानबोकडाचा फोटो काढून अर्ध्या तासात परत बसमध्ये येतात. पुढचा 'पॉइंट' चुकायला नको ना!

आणि त्या हिरव्या गालिच्यावर टोपली घेऊन वाकलेली बाई? ती आपल्या फोटोत शोभेपुरती असते. २०१५ साली याच बायका बोनससाठी रस्त्यावर बसल्या आणि त्यांनी पुरुष पुढाऱ्यांना बाजूला सारून 'पोंबिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकजूट, उभी केली. तेव्हा त्यांची दिवसाची मजुरी होती २३२ रुपये. ऑगस्ट २०२० मध्ये पेट्टिमुडीला मळ्यातल्या कामगारांच्या चाळींवर रात्री डोंगर कोसळला आणि सत्तर माणसे गेली. सहलीच्या माहितीपत्रकात यातले काही नसते. ते साहजिक आहे. पण आपणही कधी विचारत नाही, याचे काय?

आता जरा आपल्या डोक्यावर बघूया. साखळीहून निघा, केरी आणि अंजुणेचे धरण मागे टाका, चोर्ल्याचा घाट चढा. दोनेक तासांत तुम्ही आठशे मीटरच्या आसपास उंचीवर, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला पोचता. हवा गार असते. पावसाळ्यात धुके इतके की समोरचा ट्रक दिसत नाही. गावात माउलीचे देऊळ आहे, माणसे मराठी बोलतात. आणि याच गावात मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेकडे वळते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच गावच्या शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेला धावतो, म्हादईला मिळतो आणि पणजीला मांडवी होऊन अरबी समुद्रात उतरतो. एका गावावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटून जातो! मुन्नारच्या कुठल्या 'पॉइंट'वर हे बघायला मिळेल?

पण कणकुंबीला आपण थांबत नाही. गाडी बेळगावच्या दिशेने सुसाट जाते. बेळगाव आपल्या लेखी भाजी, दूध, कपडे, लग्नाचा बस्ता, इस्पितळ आणि परत येताना कुंदा. मुक्तिसंग्रामात पोर्तुगिजांच्या तावडीतून निसटलेल्या कार्यकर्त्यांना ज्या गावाने आसरा दिला त्या गावाकडे जाणारा हा रस्ता, आणि आपल्याला त्याच्याबद्दल माहीत काय, तर खड्डे किती आहेत!

"तिथे बघण्यासारखे आहे तरी काय?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. तर ऐका. म्हादई ज्या रानात जन्मते ते भीमगड, २०११ पासूनचे अभयारण्य. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये राहणारे रॉटनचे वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडते. चोर्ल्याच्या मातीत पाय नसलेला, गांडुळासारखा दिसणारा एक उभयचर, म्हणजे देवगांडूळ, सापडला आणि २००७ साली शास्त्राला नव्याने माहीत झाला. पलीकडे आंबोलीत २००९ साली एका भेकाची नवी जात म्हणून नोंद झाली. हिरण्यकेशीच्या उगमाच्या देवळातल्या कुंडात २०२० साली नवा मासा मिळाला आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते म्हणून २०१८ साली मुन्नारला धावलेले लोक मला ठाऊक आहेत. तिचीच सख्खी बहीण कारवी आपल्या सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी फुलते. तिची वाट कोण बघतो?

आता मुद्द्याचे बोलतो. २००६ साली कर्नाटकाने कळसा-भांडुरा प्रकल्पाचे काम सुरू केले. कणकुंबीच्या परिसरातच कालव्याचे खोदकाम झाले. २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ साली निवाडा आला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, त्यातले ३.९ टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे. गोव्याला २४ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३. २०२० साली तो निवाडा राजपत्रात आला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारित आराखड्याला मान्यता दिली. आपण सभा घेतल्या, "म्हादई आमची आई" म्हणालो. योग्यच केले. पण त्या सभांना टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांनी कळसा नाला डोळ्यांनी बघितला आहे? ओपाचे पाणी पिणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक आहे की खांडेपार नदीही म्हादईचीच उपनदी आहे?

कोणी म्हणेल, खटला कोर्टात आहे, तिथे वकील आहेत, आम्ही कणकुंबीला जाऊन काय करणार? माझे उत्तर असे की, न पाहिलेल्या आईसाठी माणूस फार दिवस भांडू शकत नाही. सीमेपलीकडचे सगळे आपले वैरी आहेत हा समजही तिथे गेल्याशिवाय जाणार नाही. हे रान कापायला आणि पाणी वळवायला विरोध करणारी माणसे बेळगाव-खानापुरातही आहेत. ती आपल्याच भाषेत बोलतात. त्यांच्याशी आपली साधी ओळख नाही.

आणि जे आपण त्या डोंगरावर जातो ते कशाला? पावसाळ्यात रविवारी चोर्ल्याला किंवा आंबोलीला चक्कर मारा. धबधब्याखाली गाडीचे दरवाजे उघडे टाकून कर्कश गाणी, कड्याच्या टोकावर बाटल्या, माकडांना कुरकुऱ्याची पाकिटे. गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'जीए' किती दिसते ते मोजा! बाहेरचे पर्यटक आपल्या किनाऱ्यांवर घाण करतात म्हणून आपण ओरडतो. २०१९ साली आपल्या सरकारने पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणाऱ्याला २,००० रुपये दंड ठेवला, तेव्हा आपल्याला आनंद झाला. मग घाट चढल्यावर आपण कोण होतो? त्या बाटल्यांवरून वाहणारे चोर्ल्याचे पाणी कुठे उतरते, याचा विचार बाटली फेकताना एकदा तरी करावा.

काही मित्र मला उलटा प्रश्न विचारतात. तुझे ऐकून सगळे गोवेकर कणकुंबीला गेले तर ते रान उरेल का? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच मला तिथे नवे 'पॉइंट' नको आहेत, काचेचे पूल नकोत, धबधब्यासमोर सिमेंटचे सज्जे नकोत, आणि कोणाच्या डोक्यात आलेच तर चहाचे मळेही नकोत. थोड्या माणसांनी जावे, गावातल्या माणसाला वाटाड्या म्हणून घ्यावे, त्याला त्याचे पैसे द्यावेत, गावात जेवावे, आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा. वनखात्याने जिथे बंदी घातली असेल तिथे जाऊ नये. आणि सत्तरी-डिचोलीच्या शाळांनी वर्षातून एक सहल वॉटरपार्कऐवजी मलप्रभेच्या उगमावर न्यावी. मुलाने एकदा त्या माथ्यावर उभे राहून इकडचे पाणी आपले आणि तिकडचे पाणी त्यांचे असे बोटाने दाखवले, की त्याला म्हादईवर निबंध पाठ करावा लागणार नाही.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात, सत्तरीच्या गोळावलीला चार वाघ विष घालून मारले गेले. २०२३ साली उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्रप्रकल्प अधिसूचित करा असे सांगितले, तर आपले राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. पाणी हवे, पण ते पाणी धरून ठेवणारे रान नको, अशी आपली तऱ्हा! कर्नाटकाला बोल लावताना हेही आठवलेले बरे.

तेव्हा यंदा मुन्नारचे तिकीट काढले असेल तर आनंदाने जा. चहाही प्या, चांगला असतो. पण मळा बघताना, इथे आधी काय होते आणि ही पाने खुडणारी बाई कुठे राहते, एवढे दोन प्रश्न विचारा. आणि पुढच्या वेळी बेळगावला बस्त्यासाठी निघाल तेव्हा तासभर लवकर निघा, कणकुंबीला गाडी थांबवा.